मुलीला फुटबॉल खेळायचाय? आमगावातून निघताना धरायचा हिशेब

धान निघालं, मळणी आटोपली की आमगावच्या आजूबाजूच्या बांध्या मोकळ्या होतात. एखाद्या बांधीतली धसकटं पोरंपोरी पायानं दाबून दाबून बसवतात आणि चार विटांचे दोन गोल उभे राहतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका खेळात एक मुलगी पाहिली. आठवी-नववीतली असेल. पायात भावाचे कॅनव्हासचे बूट, पुढे कापडाचा बोळा कोंबलेला. अंगावर आलेला चेंडू ती नुसता अडवत नव्हती. पायाच्या आतल्या बाजूनं तो अलगद तिथेच ठेवत होती, जिथे तिचं पुढचं पाऊल पडणार होतं. धुऱ्यावर तिची आई बसली होती. तिनं विचारलं, "हिला खरंच खेळवायचं म्हटलं तं किती लागतात जी?"

या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात बसत नाही, पण टप्प्याटप्प्यानं सांगता येतं. पहिल्या वर्षी सामानाला साडेतीन ते साडेपाच हजार. खुराकाला महिन्याला अठराशे. गोंदियाला सरावाला न्यायला लागलात आणि दर वेळी दुचाकी काढली, तर पेट्रोलला महिन्याला तेराशे. बाहेरगावच्या एका निवड चाचणीला सहा हजार सहाशे. नागपूरला ठेवलीत तर वर्षाला लाखाच्या आसपास. भाव दुकानागणिक आणि वर्षागणिक बदलतील, पण हिशेबाचा सांगाडा हाच राहील.

या आकड्यांत बूट आणि चेंडू तळाशी आहेत. आमगावच्या मुलीचा पैसा खाण्यावर आणि अंतरावर जातो. मैदान, प्रशिक्षक, स्पर्धा, क्लब सगळंच लांब आहे. म्हणून या लेखाचा मोठा भाग अंतर स्वस्त कसं करायचं यावर आहे, आणि त्यासाठी सरकारनं ठेवलेल्या सोयी घरोघरी माहीत नसतात याची मला मनापासून खंत वाटते.

पहिल्या वर्षाचं सामान

आधी बूट. साध्या भारतीय कंपनीचे स्टड नऊशे ते पंधराशेत मिळतात आणि पहिली दोन वर्षं तेच पुरेत. परदेशी कंपनीचे तीन-चार हजारांचे बूट वाढत्या पायाला घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण सहा महिन्यांत अंगठा टोकाला लागतो. खरी काळजी खालच्या खुंट्यांची घ्या. आपल्याकडची मैदानं मुरमाड, उन्हाळ्यात तर दगडासारखी. लांब किंवा धातूच्या खुंट्या अशा जमिनीत घुसत नाहीत, घसरतात. उलट ओल्या गवतात रुतून पाय अडकतो आणि वळताना गुडघा पिळतो. रबराच्या आखूड आणि जास्त संख्येनं असलेल्या खुंट्यांचा बूट मागा. दुकानात खेळाचे मोजे घालूनच माप घ्यायचं. मुलींची टाच बहुधा अरुंद असते, त्यामुळे बोटांना बरोबर बसणारा बूट मागून सैल पडतो. चार पावलं पळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

नडगीचे पॅड अडीचशे ते चारशे, आणि ते घातल्याशिवाय पंच सामन्यात उतरू देत नाहीत. मोज्यांच्या तीन जोड्या तीनशे ते साडेचारशे. जर्सी आणि चड्डीचे दोन जोड सातशे ते हजार. दोन स्पोर्ट्स ब्रा आठशे ते बाराशे. ही वस्तू यादीतून सर्वांत आधी गाळली जाते, कारण मुलगी बोलत नाही आणि बाप विचारत नाही. मग ती ओढणी आवळून किंवा दोन बनियन चढवून पळते आणि वर्षभरात खेळ सोडते. आईनं स्वतः सोबत जाऊन घ्यावी. चड्डीचा रंग गडद घ्या, म्हणजे पाळीच्या दिवसांतही ती निर्धास्त पळेल. उरला चेंडू, सातशे ते हजार. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा.

बेरीज केली तर ३,६५० ते ५,५५० रुपये येतात. पुढच्या वर्षांत यातले बूटच पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात. रोज सराव असेल तर एक जोड सहा-आठ महिने टिकतो. तळवा सुटायला लागला की लगेच चांभाराकडे न्या आणि कडेनं दोरा मारून घ्या. नुसत्या चिकटवलेल्या बुटाचं आयुष्य पहिल्या पावसापर्यंतच असतं.

ताट

सराव करणाऱ्या मुलीला रोजच्या जेवणावर काय जास्त लागतं? दोन अंडी, अर्धा लिटर दूध, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, एक केळ. आजच्या भावानं दिवसाला साठ रुपये होतात. महिन्याला अठराशे, वर्षाला एकवीस हजार नऊशे. बुटांच्या कितीतरी पट. आणि घरात पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री इथेच लागते, कारण मागे पडलेलं दूध कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

अंडी-दूध रोज जमत नसेल तर आपल्या भागातलं अन्न कमी नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी, जवसाची चटणी, चणा, पावसाळ्यातल्या रानभाज्या हे सगळं खेळाडूचंच जेवण आहे. चूक होते ती प्रमाणात. ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचा ओहोळ असतो. मुलगी खेळत असेल तर भात तेवढाच ठेवा, वरण दुप्पट करा आणि सरावानंतर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्या. ऊर्जेच्या डब्यांवर आणि पावडरींवर एक रुपयाही घालवू नका. ज्या दुकानातून बूट घेता तिथेच प्रोटीनचा डबा पुढे केला जातो. सोळा-सतरा वर्षांपर्यंत त्याची गरज नाही.

याच ठिकाणी रक्ताच्या तपासणीचं सांगतो, कारण ती फुकट आहे आणि सर्वांत जास्त चुकवली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन नऊवर असलेली मुलगी दुसऱ्या अर्ध्यात दमते, आणि प्रशिक्षक म्हणतो हिच्यात दम नाही. दुसरी गोष्ट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात तो आहे. रोग नसून नुसती वाहक असलेली मुलगी खेळू शकते, पण मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता जीव तोडून पळणं तिला धोक्याचं ठरू शकतं, आणि ते प्रशिक्षकाला माहीत असायला हवं. सरकारी रुग्णालयात दोन्ही तपासण्या होतात. पहिला बूट घेण्याआधी या तपासण्यांची चिठ्ठी हातात घ्या.

येणं-जाणं

आमगाव हावडा–मुंबई रेल्वेमार्गावर आहे, ही या तालुक्यातल्या खेळाडूची सर्वांत मोठी दौलत. गोंदिया पंचवीसेक किलोमीटर. पॅसेंजरचं तिकीट दहा रुपये. दुचाकीनं जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर म्हणजे एक लिटर पेट्रोल, शंभराच्या वर. आठवड्यातून तीन दिवस धरले तर महिन्याला तेराशे आणि दर आठवड्याला बापाच्या तीन संध्याकाळी गेल्या.

आता सोयी. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्याच स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सोबत जाणाऱ्या आईचंही अर्धंच. आणि रेल्वेत पदवीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा-महाविद्यालय या प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मुलगी अकरावीला गोंदियातल्या महाविद्यालयात गेली, तर वर्ग सुटल्यावर तिथेच सराव करून ती त्याच पासवर घरी येऊ शकते. प्रवासाचा खर्च शून्य. म्हणून दहावीनंतर महाविद्यालय निवडताना मैदान कुठे आहे आणि मुलींचा संघ कुठे उभा राहतो, हे आधी बघा. पासाच्या अर्जावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का लागतो, आणि तो वेळेत मिळवणं हे घरच्यांचं काम.

पास हातात आला तरी परतीची गाडी कोणती, हा प्रश्न राहतोच. हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो. सराव सहाला सुटतो आणि गाडी उशिरा असते. स्टेशनवरून घरी आणायला रोज कोण जाणार हे ठरल्याशिवाय सराव सुरू करू नका. दोन-तीन मुली एकत्र जात असतील तर पालकांनी वार वाटून घ्यावेत.

निवड झालेल्या खेळाडूंना रेल्वे पूर्वी भाड्यात मोठी सवलत देत असे. २०२० मध्ये कोविडच्या वेळी रेल्वेनं बहुतेक सवलती थांबवल्या, त्यात खेळाडूंचीही गेली. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका, पूर्ण तिकीट धरा.

खरी शिडी आणि बनावट शिडी

खरी शिडी शाळेतून सुरू होते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य, मग राष्ट्रीय अशी ही चढण आहे. सुब्रोतो मुखर्जी चषकात १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे आणि तिथे पूर्ण शाळेचा संघ पुढे जातो. म्हणून एकट्या मुलीत गुण असून भागत नाही, तिच्या शाळेत अकरा जणी लागतात. खेलो इंडियाच्या 'अस्मिता' लीग आता १३ वर्षांखालील मुलींसाठीही होतात. या सगळ्याला खर्च फारसा नाही. प्रवास, एखाद-दोन मुक्काम आणि जर्सीची वर्गणी मिळून वर्षाला दोन-तीन हजारांत भागतं.

शाळेबाहेरची वाट संघटनेची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, त्याखाली महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, त्याखाली जिल्हा संघटना. क्लबनं महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत मुलीचं नाव घातलं की तिला एक ओळख क्रमांक मिळतो आणि तो तिच्यासोबत आयुष्यभर राहतो. राज्याच्या वरिष्ठ संघात आली तर ती ज्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळेल, तिला २०२३ पासून राजमाता जिजाबाईंचं नाव आहे.

या नोंदणीसाठी जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हीवर नाव, वडिलांचं नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी. आपल्याकडे एका कागदावर 'रहांगडाले', दुसऱ्यावर 'राहांगडाले' असतं, आणि निवड झाल्यावर दोन दिवसांत कागद मागितले की धावपळ होते. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. त्यामुळे कुणी 'एक वर्ष कमी दाखवू' म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. मुलगी बाद होईल आणि डागही तिच्यावरच राहील.

बनावट शिडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागातले कष्टाचे पैसे इथे बुडतात. 'राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली, गोव्याला जायचंय, सात हजार भरा' असा निरोप येतो. कधी स्पर्धा नेपाळात असते आणि मुलगी 'आंतरराष्ट्रीय' होते. गावात फलक लागतो, सत्कार होतो, प्रमाणपत्र चौकटीत जातं. नोकरीच्या वेळी ते प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणीला गेलं की नामंजूर होऊन परत येतं. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: आयोजक कुणाशी संलग्न आहे? महासंघ, राज्य संघटना, शालेय क्रीडा महासंघ, विद्यापीठ किंवा खेलो इंडिया यांपैकी काही नसेल, तर ती सहल समजा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारली की कळतं.

खऱ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र मात्र सोन्यासारखं जपा. त्यावर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं यश लागतं हे ठरलेलं आहे, म्हणून पदक कशात मिळालं, किती संघ होते, तारीख काय, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. मूळ प्रमाणपत्राला प्लास्टिकचं आवरण चिकटवू नका, पडताळणीत सही-शिक्का तपासताना अडचण होते. साध्या पारदर्शक पाकिटात ठेवा.

नागपूरला ठेवायची का?

चौदा-पंधराव्या वर्षी हा प्रश्न येतोच. नागपूर-कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम ही नावं जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी आहेत. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेलं काम 'स्लम सॉकर' नावानं मोठं झालं, त्यावरच नागराज मंजुळेंचा 'झुंड' चित्रपट २०२२ मध्ये आला. त्या कामात मुलीही खेळतात. म्हणजे नागपूरला जायचं तर महागडी अकादमी हाच एक रस्ता नाही.

अकादमीचाच विचार असेल तर महिन्याला हजार ते तीन हजार फी आणि राहण्या-जेवणाला सहा ते नऊ हजार धरा. दहा महिन्यांचे सत्तर हजार ते एक लाख वीस हजार होतात. ही रक्कम भरण्याआधी तिथे जाऊन एक संध्याकाळ नुसते उभे राहा. मुलींचा वेगळा गट आहे का, की चाळीस मुलांत तीन मुली कडेला उभ्या आहेत? एका प्रशिक्षकामागे किती जणी? गेल्या वर्षी इथल्या किती मुली जिल्ह्याच्या, विभागाच्या, राज्याच्या संघात गेल्या? नावं विचारा आणि त्यांच्या पालकांशी बोला. कपडे बदलायची खोली आणि संडास बघा. पाणी कमी प्यायचं कारण संडास नसणं हे असतं, आणि उन्हाळ्यात त्यातूनच मुली आजारी पडतात.

राहण्याचा खर्च वाचवण्याची सोय दहावी-बारावीनंतर आहे. आदिवासी विकास आणि समाजकल्याण विभागांची मुलींची वसतिगृहं मोफत आहेत. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना, अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना यांतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. उत्पन्न आणि गुणांच्या अटी आहेत. बारावीला पंचेचाळीस टक्क्यांवर आलेली चांगली खेळाडू या योजनांना मुकते, म्हणून शिकवणीचे पैसे वाचवून बूट घेऊ नका. खेलो इंडिया शिष्यवृत्तीत निवड झालीच, तर खेळाडूमागे वर्षाला ६.२८ लाखांपर्यंतची तरतूद आहे, त्यात १.२० लाख हातखर्चाचे. पण ते थोड्यांच्याच वाट्याला येतं.

आणि सोबतीचा खर्च. २०२२ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर असलेल्या भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघातल्या साहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या तक्रारीवरून काढून टाकावं लागलं. देशाच्या संघात हे घडू शकतं, तर कोणत्याही संघात घडू शकतं. संघासोबत स्त्री व्यवस्थापक आहे का हे लेखी विचारा, नसेल तर आईचं तिकीट खर्चात धरा. मुलीला १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या, आणि 'तू सांगितलंस तर खेळ बंद करणार नाही' हे तिला आधीच सांगून ठेवा. याच भीतीनं मुली गप्प बसतात.

गुडघा

मुलींमध्ये गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पट आहे. धक्का लागूनच तुटतो असं नाही. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता वळताना 'टक्' असा आवाज येतो. नागपुरात एमआरआयला साधारण चार ते आठ हजार आणि खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेला एक ते दोन लाख लागतात, वर नऊ महिने ते वर्ष खेळ बंद. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटून ही शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे विचारा. सरावाआधी पंधरा मिनिटं एका पायावर तोल, उठाबशा आणि उडी मारून गुडघा आत न वळवता उतरण्याचा व्यायाम घेतला तर ही दुखापत बरीच टळते. त्याला खर्च नाही. तुमचा प्रशिक्षक तो घेत नसेल तर मागणी करा.

पहिला करार

व्यावसायिक म्हणजे कोण, हे फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे. जिचा क्लबशी लेखी करार आहे आणि जिला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, ती व्यावसायिक. नुसतं तिकीट, जेवण आणि जर्सी मिळाली तर ती हौशीच.

देशात वरची स्पर्धा इंडियन विमेन्स लीग, २०१७ पासून. २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते आणि ईस्ट बंगाल विजेता ठरला. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. कोल्हापूर आणि मुंबईचे क्लब आधी काही हंगाम खेळून गेले, टिकले नाहीत. त्यामुळे आपल्या मुलीला कोलकाता, ओडिशा, केरळ, तमिळनाडू, बंगळुरू अशीच वाट धरावी लागते. आमगावकरांना यातलं कोलकाता सोयीचं. गोंदियाहून हजारेक किलोमीटर, पण गाडी बदलायची नाही. तिथे स्थानिक लीगही आहे, कन्याश्री चषक. चाचणीला दोघं गेलात तर स्लीपरचं जाणं-येणं बावीसशे, दोन रात्री साधी खोली चोवीसशे, तीन दिवसांचं जेवण पंधराशे, रिक्षा-बस पाचशे. सहा हजार सहाशे. वर्षाला दोनच चाचण्या ठरवा आणि क्लबच्या कार्यालयाशी आधी बोलून खात्री करा. मधला माणूस चाचणीसाठी हजारो रुपये मागत असेल तर घरीच थांबा.

मिळतं काय? २०२३ मध्ये महासंघानं जाहीर केलं की लीगमधल्या क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२० लाखांचे करार करावेत. महिन्याला २६,६०० च्या आसपास. पण हे दहा जणींचं झालं. संघात वीस-पंचवीस जणी असतात आणि सतरा-अठराची नवी मुलगी बहुधा त्या दहांच्या बाहेर असते. शिवाय हंगाम तीन-चार महिन्यांचा. समजा वीस हजार महिना ठरला आणि चार महिने मिळाला. ऐंशी हजार. त्याला बारानं भागा, ६,६६६. उरलेले आठ महिने खुराक, बूट आणि सराव घरच्या पैशावर. करार हातात आला की हा भागाकार आधी करा, मग पेढे वाटा.

कागदात काय बघायचं? मासिक रक्कम आकड्यात आणि अक्षरात. किती महिने. राहणं, जेवण, तिकीट कुणाकडे. दुखापत झाली तर उपचार कुणी करायचा आणि त्या काळात पगार चालू राहतो का. सोडून जायचं असेल तर ना-हरकत पत्र किती दिवसांत. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि अठराच्या आत परदेशी क्लबकडे बदली जवळपास बंदच आहे. त्यामुळे सोळाव्या वर्षी युरोपात नेतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एजंटकडे फिफाचा परवाना लागतो, अल्पवयीन मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि त्याचं मानधन करार झाल्यावर ठरलेल्या रकमेतून निघतं, आगाऊ नव्हे. पगार थकला तर फोनवर भांडू नका, लेखी कळवा. दोन महिन्यांचा पगार राहिला, पंधरा दिवसांची लेखी मुदत दिली आणि तरी आला नाही, तर करार तोडण्याचं योग्य कारण मिळतं. दाद मागायला महासंघाची खेळाडू दर्जाविषयक समिती आहे. क्लबनं दहा टक्के कर कापला असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. त्यासाठी मुलीच्या नावाचं खातं आणि पॅन आधीच काढून ठेवा. पासपोर्टही. अल्पवयीन मुलीला साधं शुल्क हजार रुपये, मोठीला पंधराशे. ऐनवेळी तत्काळ काढला तर वर दोन हजार.

पुढे गेलेल्या बायकांकडे बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार करणारी मणिपूरची बाला देवी पोलीस दलात होती. जुलै २०२५ मध्ये थायलंडला २-१ हरवून भारत आशियाई चषकाला पात्र ठरला, ते दोन्ही गोल करणारी संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात नोकरीला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसला गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, पण तशी एखादीच. बहुतेकींच्या पायाखालची जमीन नोकरी आहे, लीग तिच्यावर उभी आहे. म्हणून पोलीस, रेल्वे आणि निमलष्करी दलांच्या क्रीडा भरतीच्या जाहिराती पंधराव्या वर्षापासूनच वाचायला लागा. अटी कळल्या की कोणती स्पर्धा चुकवायची नाही तेही कळतं.

आमगावहून दरेकसा, डोंगरगड, राजनांदगाव ओलांडलं की पुढे बालोद जिल्हा. तिथली किरण पिस्दा भारताकडून खेळली आणि क्रोएशियातल्या दिनामो झाग्रेबपर्यंत गेली. पुण्याची काजोल डिसूझा २०२२ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होती. त्या स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. ही अंतरं आता कापता येणारी आहेत.

धुऱ्यावरच्या त्या आईला मी एवढंच सांगितलं की यंदा फक्त रक्त तपासा, अंडी सुरू करा आणि शाळेतल्या सरांना मुलींच्या संघाचं विचारा. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, आणि सुब्रोतोच्या जिल्हा फेरीच्या तारखा त्यानंतर लवकरच लागतात, सरावाला वेळच उरत नाही. अकरा जणी मे महिन्यातच जमवाव्या लागतील, पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, प्रत्येकीच्या हातात मीठ-साखर-लिंबाची बाटली. तिनं बोटांवर मोजलं. "आठ तं आमच्याच टोलीत आहेत," ती म्हणाली.